शाळेला कुलूप, मजुरीला खाडा

वेतनवाढीसाठी कर्नाटकातील सरकारी कर्मचाऱ्यांनी १ मार्च २०२३ रोजी बेमुदत संप पुकारला; शिक्षकही त्यात होते. मूळ वेतनात १७ टक्के अंतरिम वाढ जाहीर होताच तो त्याच दिवशी मागे घेतला गेला. महाराष्ट्रात मात्र जुन्या निवृत्तिवेतनासाठीचा संप त्याच महिन्यात १४ ते २० तारखेपर्यंत चालला.

असा संप लांबला, तर गोव्याला लागून असलेल्या जोयडा तालुक्यात त्याची झळ वेगळी असते. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात विखुरलेल्या वाड्यांवर शहरासारखी पाळणाघरे नसतात. शाळा बंद म्हणजे मुलांचे माध्यान्ह भोजनही बंद. घरी आजी-आजोबा नसतील, तर आईच्या रोजावर खाडा पडतो आणि तिच्या वाट्याचे काम सोबतच्या बायांवर येते. पगारदार पालक रजा टाकू शकतो. रोजंदारीला रजा नसते.

शिक्षकांचा संपाचा मार्ग नाकारण्याचे हे कारण नव्हे. पण संपाची नोटीस हाती पडताच ग्रामपंचायतींमार्फत मुलांच्या भोजनाची व देखभालीची सोय लावणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. अन्यथा लांबलेल्या वाटाघाटींची किंमत त्या वाटाघाटींत स्थानच नसलेला मजूर मोजत राहील.