मूठ जुनी, पाते नवे: वस्तूचे वय कसे ओळखावे?

मित्रहो, आज किल्ला नाही, लढाई नाही, ताम्रपटही नाही. आज माझ्या हातातल्या फोनविषयी लिहिणार आहे. धीर धरा, वाट तलवारीवरूनच जाते.

२१ मार्च २०१६ रोजी ॲपलने आयफोन एसई जाहीर केला. चार इंची पडदा, मुठीत मावणारा. त्याचा बाह्य घाट २०१३ च्या आयफोन ५एसचा, आणि ५एसचा घाट त्याआधीच्या २०१२ च्या आयफोन ५ वरून आलेला. आतली ए९ चिप मात्र सहा महिन्यांपूर्वीच्या महागड्या ६एसमधली. अंगरखा जुना, आतला गडी ताजा. पुढे २०२० मध्ये हाच प्रयोग पुन्हा झाला: शरीर २०१७ च्या आयफोन ८ चे आणि चिप त्या वेळच्या सर्वांत नव्या ११ मालिकेची. मी वापरते तो हाच दुसरा एसई, तोही जुन्या बाजारातून घेतलेला. गेली दोन वर्षे मोडी कागदांची छायाचित्रे मी त्यावरच घेते आहे.

तो हातात दिसला की मित्र विचारतात, “हा कुठल्या काळातला?” विचारणारा थट्टा करतो, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून गंभीर प्रश्न नाही.

पहिला एसई आणि ५एस शेजारी ठेवून पाहा. लांबी, रुंदी, जाडी तंतोतंत सारखी. वजन एकाचे ११२ ग्रॅम, दुसऱ्याचे ११३. ५एसच्या कडा चकाकतात, एसईच्या मंद आहेत. पाठीवर दोन बारीक अक्षरे वाढली आहेत. नाणी तपासणारा अभ्यासक भिंगातून जे शोधतो, ते एवढेच असते. आणि या एका ग्रॅमच्या फरकामागे आयुष्याचा फरक दडलेला आहे: ५एसची आयओएस प्रणाली बाराव्या आवृत्तीवर थांबली, एसई पंधराव्यापर्यंत पोचला. ‘दिसतं तसं नसतं’ ही म्हण आपण फसवणुकीसाठी वापरतो. येथे वस्तू दिसते त्याहून तरुण आहे.

आता तलवार. मराठी साधनांत ‘फिरंग’ हा शब्द वारंवार भेटतो. पाते युरोपात घडलेले, सरळ आणि लांब, पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून आलेले. त्यावर येथल्या कारागिरांनी खंड्याची मूठ चढवली: बोटांना आडोसा देणारी, आणि टोकाला एक दांडा, म्हणजे गरज पडल्यास दुसरा हातही लावता यावा. पाते बदलता येते. पिढ्यान् पिढ्यांची हाताची सवय सहज बदलत नाही. शिवाय काही स्थानिक लोहारांनी आपल्याच पात्यांवर युरोपीय छाप उठवले, म्हणजे नाव फिरंग आणि पोलाद गावचे. अशा तलवारीखाली संग्रहालयात एकच शतक लिहिलेले दिसले की मला चुटपुट लागते. कोणत्या भागाचे शतक?

माझे मत असे: ‘जुना घाट, नवी यंत्रणा’ याची निंदाही करू नये आणि कौतुकही आंधळेपणाने करू नये. प्रत्येक भागाचे वय वेगळे मोजावे. मग गोष्ट बदलते.

त्यासाठी आमच्याच परिसरातला पुरावा देते. मी शहाडची. कल्याण-शीळ रस्त्याने गेलात तर ‘प्रीमियर’ हे नाव आजही मैदानाला चिकटलेले आढळेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे ते नाव. मुख्य कारखाना कुर्ल्याला, दुसरा इकडे कल्याणच्या बाजूला. या कंपनीने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ ही मोटार आणली. एनई म्हणजे निसान इंजिन. कवच फियाट १२४ चे, साचे स्पेनच्या सेआत कंपनीकडून आलेले. जुने कवच, नवे इंजिन: आपल्या एसईचीच आजी म्हणा.

पण भाग सुटे करा. फियाट १२४ पहिल्यांदा आली १९६६ मध्ये, म्हणजे कवच १९ वर्षांचे. आणि ते ‘नवे’ ११७१ सीसीचे ए१२ इंजिन? निसानच्या गाड्यांत ते १९७० च्या सुमारासच धावू लागले होते. नवेपणही १५ वर्षे शिळे होते! एसईची चिप मात्र सहा महिन्यांची.

हा फरक अभियंत्यांच्या कुवतीचा नव्हे. पत्रा दाबण्याचे साचे अतिशय महाग असतात. त्यांचा खर्च वसूल झाला की ते पुढे वापरत राहणे कोणालाही परवडते. प्रश्न असा की ते बदलण्याची सक्ती कोण करतो. परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाईक नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहत होते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० येईपर्यंत घाई करावी असे कारण कोणापुढे नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली, तेव्हा ‘जुनं ते सोनं’ म्हणत आपण सर्वांनी उसासे टाकले (मीही टाकले). पण १९६४ च्या फियाट डिलाइटचा तो घाट शतक संपेपर्यंत टिकला, तो केवळ प्रेमापोटी नव्हे. पर्याय नसणे हेही टिकाऊपणाचे एक कारण असते, आणि आठवणींत नेमके तेच गळते.

एसईलाही मी सोडणार नाही. अमेरिकेत त्याची किंमत करांशिवाय ३९९ डॉलर होती, तेव्हाच्या दराने साडेसव्वीस हजार रुपयांच्या आसपास. येथे ३९,००० रुपये. ‘स्वस्त’ हा शब्द कोणत्या देशात उच्चारला आहे, हेही तपासायला हवे. २०१७ मध्ये बंगळुरूत याच फोनची जुळणी सुरू झाली आणि भारतात जुळणी झालेला तो पहिला आयफोन ठरला. म्हणजे त्याच्या वंशावळीत आणखी एक गाव वाढले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये १६ई आला आणि एसई हे नाव संपले; त्याबरोबर पडद्याखालची गोल कळही गेली. माझ्या फोनच्या खोक्यावर मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: घाट २०१७, चिप २०१९, जुळणी २०२०, बॅटरी २०२४. तुमच्या घरातली एखादी वस्तू अशी सुटी करून पाहा, शिवणयंत्र, रेडिओ, आजोबांची स्कूटर, काहीही. भागांची वर्षे खाली लिहा; मी एकेक वाचणार आहे.