राखणीचा हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये घोषित झालेले काळविटांचे अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे, म्हणजे सुमारे २१७ हेक्टरांचे असून, त्याच्याभोवती ज्वारी, हरभरा, तूर आणि जिथे कालव्याचे पाणी पोहोचले तिथे ऊस अशी शेती पसरलेली आहे. कळपाला हद्द कळत नाही आणि २१७ हेक्टरांतले गवत कळपाला वर्षभर पुरत नाही, त्यामुळे दिवस मावळल्यावर काळविटे शिवारात उतरतात, ही तिथली नित्याची गोष्ट आहे. या वस्तुस्थितीवरून जो वाद गावोगाव चालतो, त्याला अलीकडे एक नवे वळण मिळाले आहे: दिव्यांगाच्या हाती निराधार अनुदानाचे महिन्याला अडीच हजार रुपये ठेवताना ज्या शासनाचा हात आखडतो, त्याच शासनाला हरणे पोसायला पैसा कसा मिळतो, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न कळवळ्यातून येतो, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. परंतु त्यात गृहीत धरलेले द्वंद्व खोटे आहे, आणि ते तसेच राहू दिल्यास दिव्यांग शेतकऱ्याचाच तोटा होतो.

प्रथम शब्दांचा उलगडा करणे आवश्यक आहे. बोलीत ज्याला हरीण म्हणतात त्यात दोन वेगळी कुळे मिसळलेली असतात. ज्यांची फांद्याफांद्यांची शिंगे दरवर्षी गळून पुन्हा उगवतात ते सांबर, चितळ, भेकर यांसारखे सारंग, आणि ज्यांची पोकळ, बिनफांद्यांची शिंगे आयुष्यभर टिकतात ते काळवीट, चिंकारा यांसारखे कुरंग. पीकनुकसानीच्या भरपाईचे नियम लिहिताना शासनाने ‘हरीण’ या शब्दापुढे सारंग व कुरंग असा खुलासा केलेला असल्याने, रेहेकुरीच्या भोवतालचा शेतकरी काळविटाने खाल्लेल्या पिकासाठी दाद मागू शकतो. दिव्यांग या शब्दालाही कायद्याने नेमका अर्थ दिला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली असून, ज्याचे प्रमाण ४० टक्के वा अधिक असल्याचे प्रमाणित झाले आहे, त्या व्यक्तीस आरक्षणासारखे विशेष लाभ लागू होतात.

पहिला पूर्वपक्ष असा की, माणूस आधी, हरीण नंतर; म्हणून पिकावर येणारी जनावरे मारण्याची मुभा द्यावी आणि संरक्षणावरचा खर्च गरजू माणसांकडे वळवावा. या पक्षाला थोर समर्थक लाभलेले आहेत. माधव गाडगीळ यांच्यासारख्या परिसरशास्त्रज्ञाने १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियमच रद्द व्हावा आणि शिकारीचे नियमन स्थानिकांच्या हाती यावे, अशी मांडणी उघडपणे केली होती. रानडुकरांच्या बाबतीत या मांडणीत तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. काळविटाच्या बाबतीत मात्र ती लागू पडत नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याची परवानगी दोनच कारणांनी मिळू शकते: तो मानवी जीवितास धोकादायक ठरला असेल, किंवा तो बरा होण्यापलीकडे जायबंदी वा रोगग्रस्त झाला असेल. उभ्या पिकाचे नुकसान हे कारण दुसऱ्या अनुसूचीसाठी आहे, पहिलीसाठी नाही. आणि एखाद्या प्राण्याला उपद्रवी घोषित करण्याची तरतूदही पहिल्या अनुसूचीपर्यंत पोहोचत नाही. ही कठोरता निराधार नाही, कारण पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्या रानातून नाहीसे झालेले काळवीट आज आपल्या मूळ प्रदेशात मुक्त अवस्थेत भारतात आणि नेपाळच्या एका लहानशा टापूतच उरले आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी या पक्षाचा मुख्य दोष उरतोच. शिकारीचा परवाना ज्याच्या नावे निघेल, त्याने रात्री शिवारात जागावे, माग काढावा, नेम धरावा, अशी त्यात अपेक्षा असते. ज्याला दिसत नाही, ज्याचा पाय पोलिओने गेला आहे, ज्याचा हात मळणी यंत्रात सापडून तुटला आहे, त्याच्यासाठी हा परवाना म्हणजे नुसता कागद आहे. दिव्यांगांच्या कैवाराने सुरू झालेला युक्तिवाद अशा उपायापाशी येऊन थांबतो की ज्याचा उपयोग धडधाकटालाच व्हावा, ही विसंगती त्याच्या समर्थकांनी ध्यानात घेतलेली नाही.

दोन कर्तव्ये एकाच तिजोरीतून भागत नाहीत, हा या पक्षाचा उपसिद्धांतही जुन्या राज्यविचाराला धरून नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘अध्यक्षप्रचार’ या दुसऱ्या अधिकरणात बालक, वृद्ध, व्याधिग्रस्त आणि अनाथ यांचे भरणपोषण राजाने करावे असे सांगितले आहे, आणि त्याच अधिकरणात पुढे अभयवनातील मृगांना मारणाऱ्यास दंड सांगून, उपद्रव देणाऱ्या जनावरांचा बंदोबस्त अभयवनाबाहेर करण्याची वाटही ठेवली आहे. दोन्ही कामे राज्याची आहेत, असेच तिथे धरलेले दिसते.

दुसरा पूर्वपक्ष वन्यजीवप्रेमींचा. त्यांच्या मते भरपाईचे नियम आहेत, तिची कमाल मर्यादा २०२३ मध्ये २५ हजारांवरून ५० हजारांवर नेली आहे, सौर कुंपणाला अनुदान आहे. तेव्हा तक्रारीला जागा नाही. यातला तपशील खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे समजण्यासाठी हरभऱ्याच्या एका वाफ्याकडे बारकाईने पाहावे लागते. पेरणीनंतर महिन्याभराने शेतकरी स्वतःच हरभऱ्याचे शेंडे खुडतो, कारण शेंडा खुडला की झाड फुटवे धरते. त्या सुमारास काळविटाने शेंडे खाल्ले तर पीक बऱ्याच अंशी सावरते, पण घाटे भरताना तोच कळप शिरला तर गेलेले परत येत नाही. नुकसान असे तिथीवर, वेळेवर ठरते. त्यामुळे पंचनामा वेळेत होणे आणि त्याआधी राखण होणे, या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून असते, आणि दोन्ही गोष्टी शेवटी माणसाच्या शरीराने करायच्या असतात.

राखण म्हणजे माळ्यावर बसून रात्र जागणे, गोफण फिरवणे, डबे वाजवणे, बांधाबांधाने जुन्या साड्या बांधून त्यांचे कुंपण करणे आणि वाऱ्याने सुटलेली गाठ पहाटे पुन्हा मारणे. शेजारच्या शेतात राखण झाली आणि इथे झाली नाही, तर हुसकलेला कळप इथेच येतो. म्हणजे ज्याचे शरीर चालत नाही त्याच्या वाट्याला स्वतःचे नुकसान येतेच, शिवाय इतरांच्या राखणीने वळवलेले नुकसानही येते. या गोष्टीची नोंद नियमांत कुठे घेतली जावी, याचा विचारच झालेला नाही. अर्ज तीन दिवसांत पोहोचवायचा, त्यासाठी वन कार्यालय गाठायचे, पंचनाम्याच्या वेळी बांधावर उभे राहून नुकसान दाखवायचे. केंद्र शासनाने खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांकडून होणारे पीकनुकसान पीकविम्याच्या कक्षेत आणण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला, तो स्वागतार्ह आहे. पण त्यातही ७२ तासांच्या आत अॅपवर ठिकाणाची नोंद असलेली छायाचित्रे चढवण्याची अट आहे. अंध शेतकऱ्याने आपल्या शेताचे छायाचित्र कसे काढावे, याचे उत्तर विम्याचे नियम राबवणाऱ्यांनी दिले पाहिजे. सौर कुंपणाची गोष्टही अशीच आहे. जन-वन विकास योजनेत ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते आणि उरलेला भार शेतकऱ्याने सोसायचा असतो. ज्याचे घर निराधार अनुदानावर चालते, त्याला तो उरलेला भारच पेलवत नाही.

तिसरा पूर्वपक्ष कचेऱ्यांचा असून तो थोडक्यात निकालात काढता येतो. वन्यप्राणी हा वनविभागाचा विषय आणि दिव्यांग हा दुसऱ्या विभागाचा, असे तो म्हणतो. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण झाला, ही महत्त्वाची घटना आहे. परंतु २०१६ चा अधिनियम एका विभागावर नव्हे, समुचित शासनावर, म्हणजे संपूर्ण राज्य शासनावर बंधनकारक आहे. याच अधिनियमाच्या कलम ३७ ने शेतजमिनीच्या वाटपात दिव्यांगांना पाच टक्के आरक्षण दिले आहे. दिव्यांग मनुष्य शेतकरी असू शकतो, असावा, हे कायद्याने मानले आहे. जमीन देताना मानायचे आणि त्याच जमिनीवरचे पीक गेल्यावर विसरायचे, हे चालणार नाही.

आता मंडन. कलम २४ सामाजिक सुरक्षेचे असून त्यात एक महत्त्वाचे परंतुक, म्हणजे मूळ तरतुदीला जोडलेली अट, आहे: अशा योजनांत दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांना मिळणाऱ्या तत्सम साहाय्यापेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असले पाहिजे. पीकभरपाई ही सामाजिक सुरक्षा नव्हे, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर असे की, त्याच कलमात नैसर्गिक व मानवनिर्मित आपत्तीतील साहाय्याचा उल्लेख आहे, आणि मानव-वन्यजीव संघर्षाला राज्य आपत्तीचा दर्जा देण्याचे पाऊल केरळने मार्च २०२४ मध्ये उचललेलेही आहे. अक्षरशः अर्थ कोणाला पटला नाही, तरी तत्त्व नाकारता येत नाही. ते मान्य केल्यास ५० हजारांची कमाल मर्यादा दिव्यांग शेतकऱ्यासाठी ६२ हजार ५०० होते. राज्याला ही रक्कम जड नाही.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जो दिव्यांग होतो, त्याचा हिशेबही याच ठिकाणी केला पाहिजे, कारण जिल्ह्याच्या उत्तरेला, संगमनेर-अकोल्याच्या उसाच्या पट्ट्यात, बिबट्यामुळे तो प्रश्न रोजचा आहे. कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात लाख रुपये मिळतात. तिशीतल्या माणसाच्या पुढच्या तीस वर्षांवर ती रक्कम पसरली तर महिन्याला दोन हजारांच्या थोडी वर येते. सप्टेंबर २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी १,५०० वरून २,५०० केलेल्या निराधार अनुदानाहूनही ती कमी भरते. एकरकमी भरपाईला आजीवन मासिक साहाय्याची जोड दिल्याशिवाय हा हिशेब न्याय्य होत नाही.

हरणांच्या बाजूनेही मंडन करावे लागते. मध्य प्रदेशाने २०२५ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी शाजापूर भागात हेलिकॉप्टरच्या साहाय्याने साडेआठशेच्या आसपास काळविटे पकडून सुरक्षित रानांत हलवली. न मारता कळप कमी करता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र हलवलेल्या कळपाला चरायला माळ लागतो, आणि महाराष्ट्रातल्या माळरानांना कागदोपत्री पडीक म्हटले गेल्याने त्यांवर कुठे झाडे लावली गेली, कुठे प्रकल्प उभे राहिले. मारवेल, पवन्या यांसारखी गवते जिथे टिकली तिथे काळविटाला पिकाची ओढ कमी राहते. कर्जत-श्रीगोंद्यातील लोकांचा अभयारण्य या शब्दावरचा रोषही समजून घेण्याजोगा आहे. १९७९ च्या माळढोक अभयारण्याने तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरांवर रेघ ओढली, लोकांच्या जमिनींचे व्यवहार वर्षानुवर्षे अडले, आणि अखेरीस ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. संरक्षणाचा बोजा विचारल्याविना लोकांवर टाकला की प्राण्याबद्दलचा जिव्हाळाही आटतो.

प्रा. मिलिंद वाटवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचनाम्याऐवजी शेतकऱ्यांच्या गटानेच उत्पन्नाची नोंद ठेवून तुटीच्या प्रमाणात साहाय्य घ्यावे, अशी पद्धत सुचवली आहे. तिच्यात गटातल्या दिव्यांग सभासदाला बांधावर धावावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. ती रूढ होईपर्यंत निदान एवढे आजच्या आज शक्य आहे: दिव्यांग शेतकऱ्याची तक्रार दूरध्वनीवरून ग्राह्य धरावी, पंचनाम्यासाठी वनरक्षकाने आणि तलाठ्याने त्याच्या दारी जावे, आणि कुंपणाच्या अनुदानात त्याचा वाटा शून्य करावा. हा वाटा भरण्यासाठी नवा पैसा शोधायची गरज नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. रेहेकुरीच्या परिसरातील ग्रामसभांनी रब्बीच्या पेरणीपूर्वी गावातील दिव्यांग खातेदारांची यादी वाचून, त्या पाच टक्क्यांतून त्यांच्या शेताच्या राखणीचा ठराव करावा.