दहा मार्चला कोण मेलं?

दोन ऑक्टोबर उलटला. गांधीजींच्या वाट्याला दोन ओळी आणि उरलेला दिवस ‘दृश्यम’मधल्या विजय साळगावकरच्या नावावर. त्याने रचलेली ती जबानी: सत्संग, पणजी, पावभाजी. फोनवर तेच विनोद फिरत होते. विनोदांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यांच्या मागोमाग दरवर्षी उगवणाऱ्या शहाण्याला. “अहो, ‘दृश्यम’ म्हणजे त्या जपानी कादंबरीची चोरी!” असं तो ठणकावून सांगतो. कादंबरी वाचलीत का, असं विचारलं की विषय बदलतो. यंदाचा शहाणा तर मराठीचा प्राध्यापक निघाला.

त्या कादंबरीच्या लेखकाबद्दल, केइगो हिगाशिनोबद्दल, या जागेत पुरेसं लिहून झालंय, तेव्हा ओळखपरेड नको. तिचा, म्हणजे ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’चा, शेवट मात्र आज फोडणार आहे. पुस्तक २००५चं आहे, इंग्रजीत येऊनही बरीच वर्षं झाली. अजून ज्यांना वाचायचंय त्यांनी खुशाल पान उलटावं.

यासुको आणि तिची मुलगी मिसातो यांच्या हातून यासुकोचा आधीचा नवरा तोगाशी मरतो. हे सुरुवातीलाच. शेजारचा गणिताचा मास्तर इशिगामी निस्तरायला पुढे होतो. मग पोलिसांना नदीकाठी चेहरा ठेचलेलं, बोटांचे ठसे जाळलेलं प्रेत सापडतं आणि ते विचारतात, दहा मार्चला संध्याकाळी कुठे होतात? मायलेकी सिनेमाला गेल्या होत्या. तिथून नूडल्स खायला, मग कराओकेला. तिकिटांचे तुकडेसुद्धा आहेत. ही जबानी खोटी पाडायला पोलीस जिवाचं रान करतात, पण ती पडत नाही. कशी पडणार? ती खरीच आहे. तोगाशी मेला नऊ मार्चला.

आता साळगावकर घ्या. तिथेही सिनेमाची तिकिटं आहेत, तारीख सरकवण्याची युक्ती आहे, म्हणून वरवर पाहणाऱ्याला चोरी दिसते. पण साळगावकरचं प्रेत खरं आणि प्रवास खोटा. खून झाल्यावर तो कुटुंबाला पणजीला नेतो आणि कंडक्टर, हॉटेलवाला, सिनेमाचा ऑपरेटर या सगळ्यांच्या डोक्यात तारीख मागे ढकलतो. इशिगामीकडे प्रवास खरा आणि प्रेत खोटं. तो कुणाच्या आठवणीला हात लावत नाही. त्याला तारीख पुढे ढकलायला एक जास्तीचं प्रेत लागतं.

मग दहा मार्चला कोण मेलं?

सुमिदा नदीच्या काठाने इशिगामी रोज शाळेत जातो. तिथे निळ्या ताडपत्रीखाली बेघर माणसं राहतात. त्यात एक जण नुकताच आलेला आहे. तांत्रिक मासिकं वाचतो, म्हणून इशिगामीने मनातल्या मनात त्याचं नाव ‘इंजिनिअर’ ठेवलंय. याला तो कामाचं आमिष दाखवतो, तोगाशीच्या भाड्याच्या खोलीत थोडा वेळ राहायला लावतो. पोलिसांना तिथे केस आणि ठसे मिळायला हवेत ना. संध्याकाळी त्याला मारून टाकतो. हा हरवल्याची तक्रार कुणीही करणार नाही, एवढीच त्याची पात्रता. ‘दृश्यम’मध्ये मरतो तो पोलीस महानिरीक्षकाचा मुलगा. त्याच्यासाठी अख्खं खातं गाव पालथं घालतं. तिथे साळगावकरच्या हुशारीला टाळ्या वाजवताना आपले हात स्वच्छ राहतात, कारण मेलेला पोरगा नालायक होता, एवढी सोय पटकथेने आधीच करून ठेवलेली असते. हिगाशिनो ती सोय करत नाही.

तेव्हा ही चोरी नव्हे. जीतू जोसेफ यांनी २०१३च्या मल्याळम मूळ चित्रपटावरचा हा आरोप फेटाळला होता, आणि मला ते पटतं. कादंबरीतला दुसरा खून गाळला की मागे उरते ती फक्त तारखेची फिरवाफिरव, आणि ती काही कुणाच्या मालकीची नाही. निशिकांत कामतांनी २०१५मध्ये ही गोष्ट गोव्यात छान बसवली. पण तो चित्रपट कुटुंबवत्सल आहे. कादंबरी तशी नाही.

हिगाशिनोलाही मी मोकळं सोडणार नाही. शेवटी यासुको कबुली द्यायला येते, इशिगामी गुरासारखा ओरडतो आणि वाचक डोळे पुसतो. जो तो म्हणतो, काय प्रेम हो! इंजिनिअरसाठी कुणी रडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्याला लेखकाने साधं खरं नावसुद्धा दिलेलं नाही.

हिगाशिनो पूर्णवेळ लेखक व्हायच्या आधी मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. माझं जुनं म्हणणं नियमित वाचकांना पाठ आहे: रहस्यकथा इंजिनिअरांनी लिहाव्यात आणि मराठीच्या प्राध्यापकांनी पेपर तपासावेत. पुराव्यादाखल माझ्याकडे एकटा हिगाशिनो आहे. मला पुरतो. या खुनाच्या गोष्टीला २००६मध्ये जपानचं मानाचं नाओकी पारितोषिक मिळालं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून मराठी माणसाला वाचायची सवय लावली, तरी संमेलनाच्या मांडवात त्यांचं नाव निघालं की वक्ते मिश्कील हसतात. जणू ते स्वतः अर्नाळकरांचा ‘झुंजार’ कधी वाचतच नव्हते.

जपानी रहस्यकथावाल्यांत या कादंबरीबद्दल जुंपली ती वेगळ्याच कारणावरून. हे अस्सल कोडं आहे का, वाचकाला सगळे धागे प्रामाणिकपणे दिले का? माझ्या मते दिले. इशिगामीचा शाळेचा रस्ता, ताडपत्र्या, मासिक वाचणारा नवखा माणूस, सगळं पहिल्याच प्रकरणात आहे. पुढे खुनाचा छडा लावणाऱ्या युकावाबरोबर त्याच काठाने जाताना ही माणसं घड्याळाच्या काट्यावर जगतात, असंही इशिगामी बोलून जातो. त्या वेळी तिथे एक माणूस कमी आहे. बहुतेक वाचक हा भाग वातावरणनिर्मिती समजून भराभर ओलांडतात आणि शेवटी लेखकाने फसवलं म्हणतात.