जोडचित्राची पुढची पायरी

या सदरातून आम्ही नेहमी इतरांच्या घरांविषयी लिहितो. आज स्वतःच्या घरी घडलेली चूक सांगणे भाग आहे, कारण ती ज्यांच्या हातून घडली त्यांत आम्हीही होतो.

आमचा नातू गेल्या नाताळात दोन वर्षे चार महिन्यांचा होता. त्याच्यापाशी लाकडी फळांची एक फळी होती. आंबा, केळे, पेरू अशी आठ फळे आठ खाचांत बसवावयाची, प्रत्येकीला धरावयास एक गुंडी. सकाळी दूध पिऊन होताच तो फळी उपडी करी, फळे घरभर पसरत, आणि मग एकेक फळ आपल्या जागी परत जाई. हे त्याला इतके साधले होते की, घरच्या मंडळींस त्याचा अभिमान वाटू लागला. अभिमानाच्या भरात त्याच्या मामांनी बेळगावहून चोवीस तुकड्यांचे आगगाडीचे जोडचित्र आणले. पेटीवर वय लिहिले होते. ते कोणी वाचले नाही.

मुलाने इंजिनाच्या धुराड्याचा तुकडा उचलला, इकडे तिकडे दाबून पाहिला, मुठीने ठोकला. कोणीतरी हसले. त्याच्या बापाने त्याचा हात धरून तुकडा जागेवर बसविला. मग दुसरा, मग तिसरा. सारे चित्र पुरे झाले, परंतु ते मुलाने पुरे केलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने ती पेटी तर दूर लोटलीच, पण आपली लाडकी फळांची फळीही खाटेखाली सरकवून दिली. पुढे महिनाभर त्याने तिला हात लावला नाही.

वाचकहो, येथे आमची समजूत कोठे चुकली? आठ जमले, आता चोवीस देऊ, असा आम्ही नुसता आकड्यांचा हिशेब केला. वास्तविक हे दोन खेळ एका जातीचे नव्हेत. फळीतील प्रत्येक फळाला स्वतःची खाच असते. केळ्याला पेरूशी काही कर्तव्य नसते. जोडचित्रातील तुकड्याला मात्र स्वतंत्र अर्थच नाही. शेजारचा तुकडा कोणता, रेघ कोठून कोठे जाते, रंग कोठे संपतो, हे पाहून त्याची जागा ठरते, आणि त्यासाठी सबंध चित्र मनात धरावे लागते. सन १७६० नंतरच्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशाकाराने नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, तेव्हा ते भूगोल शिकणाऱ्या मुलांसाठी होते, पाळण्यातून नुकत्याच उतरलेल्यांसाठी नव्हते.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांत लाकडी ठोकळ्यांत बसणारे दट्टे आहेत; एका ठोकळ्यात दहा. लहान दट्ट्या मोठ्या भोकात गेला की शेवटी एक दट्ट्या बिनजागेचा उरतो. 'चुकलास' असे बाईंना सांगावे लागत नाही. लाकूडच ते सांगते, आणि लाकूड हसत नाही. आमच्या घरी ते काम आम्ही माणसांनी आपल्याकडे घेतले होते. माँटेसरीबाई १९३९ मध्ये मद्रासला आल्या. त्यांच्या साधनांचा खर्च खेड्याला पेलणारा नव्हता. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम आरंभिले, तेव्हा अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी शंखशिंपले, पाने, बिया, खडे यांतूनच साधने उभी केली.

तेव्हा पुढची पायरी निवडताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तुकडे वाढवावयाचे असतील तर जात तीच ठेवावी. जात बदलावयाची असेल तर तुकडे दोनच घ्यावेत. मूल जुना खेळ न अडखळता पुरा करून पुन्हा स्वतःच मोडते, किंवा फळांचा बाजार मांडून त्यांशी दुसरेच काही खेळू लागते, तेव्हा ते पुढे जावयास तयार झाले असे समजावे. वयाचा आकडा फार मानू नये. शेजारच्या मुलाचा तर मुळीच नको.

बाजारातून घेताना मात्र सावध असावे. तीन वर्षांखालील मुलाच्या तोंडात जाईल एवढा तुकडा घरात नसावा, आणि गुंडी ओढून पाहावी. मुलाच्या आधी आपण ओढावी. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणी झालेल्या कारागिरांच्या हस्तकलेला त्यातून सूट असल्यामुळे तेथे रंग आणि कडा स्वतःच तपासाव्या लागतात.

आमच्या घरचा उपाय पैशाचा नव्हता. नातवाच्या आजीने मागील वर्षाची दोन कॅलेंडरे काढली. एकावर पवित्र चित्र होते. त्याला कात्री लावण्यास तिचे मन धजेना. दुसरे बियाणे विकणाऱ्या दुकानाचे, त्यावर बैल. तो तिने तांदळाच्या खळीने जाड पुठ्ठ्यावर चिकटविला, रात्रभर पाटाखाली दाबून ठेवला आणि सकाळी मधोमध सरळ कापला. पुढे शिंगे, मागे शेपटी. नातवाला हाक न मारता ती ओसरीवर बसली, डोक्याचा भाग मांडला, शेपटीचा बाजूला ठेवला आणि भाजी निवडू लागली.

तो बऱ्याच वेळाने आला. शेपटी उलटी लावली, पाहिली, फिरविली. बैल पुरा झाला तेव्हा त्याने आजीकडे पाहिले नाही, बैलाकडेच पाहिले. आठ दिवसांनी आजीने तोच बैल चार तुकड्यांत कापला. पहिल्या दिवशी तीन तुकडे तिने मांडून ठेवले आणि शेवटचा त्याच्यासाठी राखला, दुसऱ्या दिवशी दोन राखले. बापाला त्या वेळी ओसरीवर येण्याची मनाई होती, आणि आम्हालाही.

फळांची फळी खाटेखालून कधी बाहेर आली ते कोणाला कळले नाही. चोवीस तुकड्यांची पेटी अजून कपाटावर आहे. परवा मामांनी तिची चौकशी केली, तेव्हा आजीने त्यांना चहात साखर किती घालू म्हणून विचारले.