विश्लेषण : पामची पाने पिवळी, पण दुखणे खोडात!

जगातील ८० टक्क्यांहून अधिक पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया हे दोन देश पुरवतात, तर भारत पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार आहे. या दोन देशांतील बागांना ‘गॅनोडर्मा’ या बुरशीने अनेक दशकांपासून ग्रासले आहे. हा रोग पानांवर दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो आणि अन्नद्रव्यांची कमतरता समजून झाडाला खत घातले जाण्याची शक्यता असते.

हा रोग नेमका काय आहे?

‘गॅनोडर्मा बोनिनेन्स’ ही बुरशी मुळांतून शिरते आणि खोडाचा बुंधा आतून कुजवते. लाकडाला बळकटी देणारे लिग्निन ती फस्त करते. बुंध्यावर अळंबीसारखी टणक छत्रे उगवतात आणि शेवटी झाड कोलमडते. मलेशियात १९३१ मध्ये या रोगाची नोंद झाली, तेव्हा तो २५ वर्षांपुढील म्हाताऱ्या झाडांपुरता होता. पुढे त्याच जमिनीत पुन्हा लागवड होत गेली, जुने खुंट व मुळे मातीतच राहिली आणि तरुण झाडेही त्याला बळी पडू लागली.

पानांतील अन्नद्रव्यांवर परिणाम कसा होतो?

मुळे कुजली की पाणी आणि अन्नद्रव्ये शोषण्याची क्षमता घटते. बुंध्यातील जलवाहिन्या निकामी झाल्याने शोषलेलेही शेंड्यापर्यंत नीट पोहोचत नाही. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडात फिरती असतात. पुरवठा आटला की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते. त्यामुळे खालच्या झावळ्या आधी पिवळ्या पडतात, नंतर वाळून खोडाभोवती लोंबतात. शेंड्याची कोवळी पाने मात्र न उघडता भाल्यासारखी उभी राहतात.

मग पानांचे परीक्षण पुरेसे का नाही?

मोठ्या झाडाची खतमात्रा ठरवण्यासाठी सहसा १७व्या क्रमांकाच्या झावळीतील पर्णिका तपासल्या जातात. पालाश कमी पडल्यास जुन्या पानांवर नारिंगी ठिपके येतात. मॅग्नेशियम कमी असल्यास उन्हातला भाग पिवळा होतो, सावलीतला हिरवा राहतो. पण रोगट झाडाची लक्षणेही पाण्याच्या ताणासारखी किंवा कुपोषणासारखीच दिसतात. शिवाय अहवालातील आकडा म्हणजे पानाच्या कोरड्या वजनातील टक्केवारी. झाडाची वाढ खुंटून पाने लहान राहिली, तर एकूण अन्नद्रव्य घटूनही टक्केवारी ठीक दिसू शकते. उलट आकडा कमी आला, तरी दोष जमिनीचा की मुळांचा, हे अहवाल सांगत नाही. मुळेच निकामी असतील तर वाढीव खत वाया जाते आणि बुरशी शेजारच्या झाडाकडे सरकत राहते.

उपाय काय?

रोग बरा करणारे खात्रीचे औषध नाही. पानांवर स्पष्ट लक्षणे दिसतात, तोवर बुंध्याचा निम्म्याहून अधिक भाग कुजलेला असू शकतो. म्हणून भर आहे तो प्रतिबंधावर : पुनर्लागवडीपूर्वी जुने खुंट व मुळे काढणे, ट्रायकोडर्मासारख्या उपकारक बुरशीचा वापर आणि सहनशील वाणांची निवड. बुंध्याला मातीची भर देणे किंवा खोडात हेक्साकोनॅझोल टोचणे यांनी झाडाचे आयुष्य काहीसे लांबते. पानांवरून परावर्तित होणारा प्रकाश ड्रोनने टिपून रोग लवकर ओळखण्याचे प्रयोगही सुरू आहेत.

भारताने लक्ष का द्यावे?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचे पाम लागवड अभियान मंजूर केले. २०२५-२६ पर्यंत आणखी ६.५ लाख हेक्टरचे उद्दिष्ट त्यात होते. आंध्र प्रदेश आणि तेलंगणा या पिकात आघाडीवर आहेत. गॅनोडर्मा भारताला नवा नाही. नारळावरील ‘तंजावर मर’ रोग याच कुळातील बुरशीमुळे होतो. पामची बाग साधारण २५ वर्षे उत्पन्न देते. त्यामुळे जुन्या नारळबागेच्या जागी पाम लावताना खुंट मातीत सोडले, तर त्याची किंमत पुढची पिढी मोजेल. पिवळी झावळी दिसताच खताच्या गोणीकडे वळण्याआधी बुंधा तपासणे, हाच मलेशियाच्या अनुभवाचा धडा आहे.