दलाल नको, मग कोण हवं?

मराठीत पहिली कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने साहित्यिक एजंट शोधायला निघावं आणि त्याला तो मिळू नये, यात आपल्याकडे कुणाला काही खटकत नाही. फक्त मराठी हस्तलिखितांवर पोट चालवणारी एजन्सी माझ्या तरी पाहण्यात नाही. ही उणीव आहे असं म्हटलं की जाणत्या मंडळींच्या कपाळावर आठी उमटते. ‘पुस्तक म्हणजे काय फ्लॅट आहे, मध्ये दलाल घालायला?’ एजंट हा प्राणी आपल्याला आरटीओच्या दारात, विम्याच्या हप्त्यात आणि जागेच्या व्यवहारात भेटलेला असतो. साहित्याच्या ओसरीवर तो आला की सोवळं मोडतं. माझं म्हणणं एवढंच, की हे सोवळं लेखकाच्या भल्यासाठी पाळलं जात नाही. ज्यांना कागदावर सही करायची नाही, त्यांच्या सोयीसाठी ते पाळलं जातं.

एजंट नेमकं काय करतो ते आधी पाहू. तो हस्तलिखित वाचतो, कुठे ढिलं आहे ते सांगतो आणि कोणत्या संपादकाला ते रुचेल याचा अंदाज बांधतो. करार वाचतो, घासाघीस करतो. छापील पुस्तकाचे हक्क वेगळे, अनुवादाचे वेगळे, चित्रपटाचे वेगळे, श्राव्य पुस्तकाचे वेगळे असं धरून चालतो. दरवर्षी हिशेब मागतो. याबद्दल लेखकाला जे मिळेल त्यातले साधारण १५ टक्के घेतो, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर २० टक्के. लेखकाला काही मिळालं नाही तर त्यालाही काही नाही. म्हणूनच हस्तलिखित ‘वाचण्याचे’ पैसे जो आधी मागतो, त्याला मी तरी एजंट म्हणणार नाही.

हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये ए. पी. वॉट या गृहस्थांनी रुळवला, १० टक्क्यांवर. तेव्हा तिथलेही प्रकाशक चवताळले होते. विल्यम हाइनमन तर एजंटांवर उघड तुटून पडत. लेखक आणि प्रकाशक यांच्या पवित्र नात्यात हा तिसरा कोण, असा त्यांचा सूर होता. सव्वाशे वर्षांनंतर आपण तोच सूर ‘आमचे घरगुती संबंध आहेत’ या शब्दांत लावतो.

मी बंगळुरात, बनशंकरीत राहते. त्यामुळे मराठीची तुलना मी लंडनशी करत बसत नाही, शेजारच्या भाषेशी करते. ती तुलना जास्त झोंबते. जयंत कायकिणी यांच्या मुंबईवरच्या कथा, म्हणजे आपल्याच चाळी, लोकल आणि इराणी हॉटेलं, कन्नडमध्ये लिहिल्या गेल्या. तेजस्विनी निरंजना यांनी त्या इंग्रजीत नेल्या आणि २०१८ चं दक्षिण आशियाई साहित्यासाठीचं डीएससी पारितोषिक त्यांना मिळालं. मुंबई जगापुढे गेली, पण कन्नडमधून. २०२५ मध्ये हासनच्या बानू मुश्ताक आणि त्यांच्या अनुवादक दीपा भास्ती यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. पुस्तक काढलं होतं शेफील्डच्या एका छोट्या प्रकाशनाने. २०१८ ते २०२४ या सात वर्षांत २५ लाखांचं जेसीबी पारितोषिक पाच वेळा अनुवादित कादंबरीला गेलं: तीनदा मल्याळम, एकदा उर्दू, एकदा तमिळ. मराठी एकदाही नाही.

कन्नडमध्ये किंवा मल्याळममध्ये गल्लोगल्ली एजंट आहेत असं मी म्हणत नाही. तिथे एक साखळी मात्र तयार झाली आहे. मूळ प्रकाशक, अनुवादक, दिल्लीतला इंग्रजी संपादक, हक्क विकणारा माणूस आणि बाहेरचा छोटा प्रकाशक, अशा त्या साखळीच्या कड्या आहेत. पेरुमाळ मुरुगन यांची पुस्तकं काढणारी नागरकोईलची कालच्चुवडु ही संस्था वर्षानुवर्षं फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यात जाते. तमिळनाडू सरकारने जानेवारी २०२३ पासून चेन्नईत हक्कांच्या देवघेवीसाठी आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळा भरवायला आणि तमिळमधून होणाऱ्या अनुवादांना अनुदान द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला आणि आपण पेढे वाटले.

मराठीतून इंग्रजीत काही गेलंच नाही असं नाही. कसं गेलं ते पाहा. ‘कोसला’ १९६३ ची, तिचा इंग्रजी अनुवाद १९९७ चा. ‘बलुतं’ १९७८ चं, इंग्रजीत आलं २०१५ मध्ये. दया पवार १९९६ मध्येच गेले होते. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ सात वर्षांत इंग्रजीत आली, पण ‘बलुतं’ काय, ‘कोबाल्ट ब्लू’ काय किंवा मलिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ काय, तिन्हींचा अनुवादक एकच: जेरी पिंटो. एका माणसाची आवड आणि सवड यांवर एका भाषेचा बाहेरचा रस्ता अवलंबून असेल, तर त्या माणसाचे आभार मानावेत आणि भाषेच्या संस्थांना जाब विचारावा.

आता माझा अनुभव. तो अपवादात्मक नाही, म्हणूनच सांगते. माझी कादंबरी बंगळुरातल्या एका मराठी शिंपी घराच्या तीन पिढ्यांची आहे. पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेली ही माणसं घरात जी मराठी बोलतात तिला कानडी वळण आहे, आणि कादंबरी त्याच मराठीत आहे. एका प्रकाशकाकडे हस्तलिखित चौदा महिने राहिलं. त्यांनी पोचही दिली नाही. दुसऱ्यांचा फोन आला, ‘ताई, छापू की. दोनशे प्रती तुम्ही उचला.’ तिसऱ्यांनी भाषा ‘शुद्ध’ करून मागितली. मग दिल्लीच्या एका एजन्सीला लिहिलं. तिथून चार दिवसांत नम्र उत्तर आलं: इंग्रजी अनुवादाची पन्नास पानं पाठवा, मग बोलू.

चौघांपैकी लेखी, वेळेवर आणि मुद्द्याचं उत्तर देणारा एकच निघाला, आणि तो दलाल होता. पण त्याच्या दाराशी पोचायला अनुवादक लागतो. पन्नास पानांचे पंधरा हजार शब्द धरा, शब्दाला तीन रुपये धरा. ४५,००० रुपये झाले. मराठी कादंबरीची हजार प्रतींची आवृत्ती, किंमत ४०० रुपये, मानधन १० टक्के, आणि सगळ्या प्रती खपल्या असं मोठ्या मनाने धरलं, तरी लेखकाच्या हाती ४०,००० रुपये येतात. म्हणजे पुस्तकाची पूर्ण कमाई नमुना अनुवादालाही पुरत नाही. म्हणून अनुवादक मैत्रीखातर फुकट काम करतो, प्रकाशकांना पत्रं लिहितो, अर्ज भरतो. एजंटाचं काम आपल्याकडेही होतंच. फक्त ते बिनपगारी होतं आणि त्याचं नाव कुठे छापत नाहीत.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप सगळ्यात प्रामाणिक आहे: बाजारच एवढासा, एजंट जगणार कशावर? वरच्या ४०,००० वर १५ टक्के म्हणजे ६,००० रुपये. वर्षभराच्या खटपटीला एवढ्यावर कुणी बसणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणून मी खाजगी एजन्सीची वाट पाहत नाही. पण बाजार लहान म्हणून करारही नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप: एजंट आले की लेखन बाजारू होईल. मराठी प्रकाशन आज बाजाराबाहेर आहे काय? ग्रंथालयांच्या खरेदीचा हंगाम बघून पुस्तकं निघतात, क्रमिक पुस्तकात धडा लागावा म्हणून धावपळ होते, लेखकाच्याच पैशाने लेखकाची पुस्तकं छापली जातात. हा बाजारच आहे. त्यात लेखकाच्या बाजूने बोलणारं कुणी नाही, इतकाच त्याचा वेगळेपणा.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे, आणि तो मलाही हलवतो: आपल्याकडे श्री. पु. भागवत होते, राम पटवर्धन होते. एकेका हस्तलिखितावर महिनोन् महिने काम करणारी ही माणसं होती, तर एजंट कशाला? खरं आहे. पण ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झालं. ती माणसं गेली आणि त्यांची जागा भरायची व्यवस्था कुणी केली नाही. शिवाय श्रीपु कितीही थोर असले तरी ते प्रकाशक होते. लेखकाचा वकील आणि प्रकाशक एकच असणं हे सद्भाग्य असू शकतं, पण त्याला पद्धत म्हणता येत नाही.

‘घरगुती संबंधां’बद्दल कायदा काय म्हणतो तेही नव्या लेखकांनी एकदा वाचावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं, की हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असलं तरच वैध. कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधन, हे त्यात लिहिलेलं हवं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असं धरलं जातं. करारात वेगळं म्हटलं नसेल आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर तो सुटतो. चहाच्या कपावर दिलेल्या शब्दाने अनुवादाचा किंवा चित्रपटाचा हक्क कुणाच्या मालकीचा होत नाही. हे सांगायला एजंट लागू नये. पण आपल्याकडे हे सांगणारं कुणीच नाही, आणि त्या अज्ञानावर बऱ्याच जणांचं बरं चाललं आहे.

मग करायचं काय? साहित्य महामंडळ आणि त्याच्या घटक संस्था यांनी मिळून एक हक्क-कक्ष चालवावा. त्याने तीन कामं करावीत. एक, नमुना करार तयार करून लेखकाला तो समजावून सांगणं. दोन, वर्षाला शंभर नवी हस्तलिखितं मानधन देऊन वाचून घेणं आणि तीन महिन्यांत लेखी अभिप्राय देणं. तीन, निवडक दहा पुस्तकांचे नमुना अनुवाद करून देशा-परदेशातल्या एजंट आणि प्रकाशकांसमोर ठेवणं. वाचकाला हस्तलिखितामागे ३,००० रुपये धरले तर तीन लाख, दहा अनुवादांचे साडेचार लाख, एका पूर्णवेळ माणसाचा पगार सहा लाख. साडेतेरा लाखांत वर्ष निघतं. साहित्य संमेलनाच्या एका मांडवाच्या हिशेबापुढे ही रक्कम किती आहे, ते संमेलनं भरवणाऱ्यांनीच सांगावं. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाकडून नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान मिळतं, हे चांगलंच आहे. पण ते छपाईला मिळतं. छापलेलं पुस्तक पुढे कुठे जाणार, हा प्रश्न तिथे संपतो, आणि लेखकाचा खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

हे झालं नाही तर काय होईल, ते इथे मला दिसतंच आहे. या शहरात दिवसभर इंग्रजीत काम करणारी, घरी मराठी बोलणारी आणि रात्री लिहिणारी तिशीतली कितीतरी मुलं-मुली आहेत. त्यांच्यासमोर दोन वाटा असतात. एका भाषेत हस्तलिखित पाठवलं की निदान नकार येतो. दुसऱ्या भाषेत तोही येत नाही. किरण नगरकर ‘सात सक्कं त्रेचाळीस’ मराठीत लिहून इंग्रजीकडे गेले, तेव्हा आपण त्यांच्यावर रुसलो. आताची मुलं मराठीत पहिलं पुस्तकही लिहिणार नाहीत, आणि मग रुसायलाही कुणी उरणार नाही.

तेव्हा दलाल हा शब्द नको असेल तर सोडा. मध्यस्थ म्हणा, वाचक म्हणा, हक्क-सचिव म्हणा. पण नव्या लेखकाचं हस्तलिखित वाचून, खाली सही करून, ठरल्या तारखेला उत्तर देणारं माणूस मराठीला हवं आहे. त्याला पगार द्यायची तयारी आहे का, एवढंच आता संस्थांनी सांगावं.