हसताना जरा मागे वळून पाहा!

मैत्रिणींनो, पाहुणे असताना उघडायचं नाही असं एक तरी कपाट आपल्या प्रत्येकीच्या घरात असतंच. उघडलं की जुन्या छत्र्या, झाकणं हरवलेले डबे, मोडकी खेळणी सगळं धाडकन अंगावर! अमेरिकेतल्या एका घरातलं असंच कपाट एकेकाळी अख्ख्या देशाच्या ओळखीचं होतं. तेही कुणी न बघता, नुसतं ऐकून.

'फिबर मॅकगी अँड मॉली' ही १९३५ साली एनबीसी रेडिओवर सुरू झालेली विनोदी मालिका. घरोघरी टीव्ही यायच्या आधीचा तो काळ. फिबर आणि मॉलीची कामं करणारे जिम आणि मेरियन जॉर्डन हे खरोखरचे नवरा-बायको, इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावचे. फिबर एक नंबरचा थापाड्या. बढाया मारणार, घरातलं काही दुरुस्त करायला जाणार आणि आणखी बिघडवून ठेवणार. मॉली एका वाक्यात त्याचा फुगा फोडणार, पण माणसाला सांभाळूनही घेणार. आणि त्याने ते कपाट उघडलं की धडाधड पडण्याचे आवाज, सगळ्यात शेवटी एका घंटीची बारीक किणकिण!

लेकीने मला जुनी ध्वनिमुद्रणं मोबाइलवर लावून दिली. अडलेलं इंग्रजी तिला विचारत, पोळ्या लाटता लाटता ऐकली. मला आवडलं ते हे, की इथे बायको मूर्ख म्हणून हशा नाही. शहाणी तीच आहे.

पण पुढची गोष्ट वाचली आणि घास अडकल्यासारखं झालं. १९४४ मध्ये या मालिकेत ब्यूला नावाची कृष्णवर्णीय मोलकरीण आली. तिचा आवाज कोण काढायचं? मार्लिन हर्ट नावाचा गोरा पुरुष! स्टुडिओत तो प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहायचा, मग एकदम वळून ब्यूलाच्या आवाजात ओरडायचा. की हास्याचा स्फोट! ब्यूला इतकी गाजली, की १९४५ मध्ये तिचा स्वतंत्र कार्यक्रम निघाला. घरोघरी राबणाऱ्या बाईचं सोंग लोकप्रिय झालं. ती बाई स्वतः मात्र माइकपर्यंत पोचली नव्हती.

१९४७ च्या अखेरीस ती पोचली. हॅटी मॅकडॅनियल ब्यूला झाली. 'गॉन विथ द विंड'साठी १९४० मध्ये ऑस्कर मिळवणारी ही पहिली कृष्णवर्णीय कलावंत. तिचे आईवडील गुलामीत जन्मलेले, तिने स्वतःही लोकांच्या घरी कामं केलेली. मोडकीतोडकी, हसं होईल अशी बोली आपण बोलणार नाही, ही अट तिने घातली. तरीही मोलकरणीच्याच भूमिका का करतेस, म्हणून तिच्याच समाजातल्या पुढाऱ्यांनी तिला बोल लावले. मला विचाराल तर हा प्रश्न तिला नाही, तिच्यासाठी दुसऱ्या भूमिका न लिहिणाऱ्यांना विचारायला हवा होता. आणि खदखदा हसणाऱ्यांनाही.

त्या हसणाऱ्यांत मीही आहे, हे कबूल करते. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला एक नाटुकलं झालं. एका मुलाने साडी नेसून कामवालीचं सोंग आणलं. दांड्या मारणारी, साखर चोरणारी, मोबाइलवर बोलत भांडी आपटणारी. आम्ही टाळ्या पिटल्या. सहज मागे पाहिलं, तर चहाचा ट्रे घेऊन आमच्या मावशी दारात उभ्या. त्याही हसत होत्या, पण पदर तोंडाशी धरून आणि नजर खाली. एरवी याच मावशींच्या हक्काच्या रजेबद्दल मी बैठकांत बोलते! त्या रात्री मला झोप लागली नाही.

विनोद करूच नये असं मी म्हणत नाही. हसण्याशिवाय संसार कसा निभायचा? फिबरच्या थापांवर हसताना कुणाची मान खाली जात नाही, कारण मॉलीला तिथे उलट उत्तर देता येतं. ट्रे धरून उभ्या राहिलेल्या बाईला ते देता येत नाही. म्हणून यंदाच्या नाटुकल्याचं लिखाण मी आधी मावशींना वाचून दाखवणार आहे. त्या म्हणाल्या, "ताई, हे काढा," तर काढायचं. आणि मालकिणीवर त्यांना काही सुचलं, तर तेही घालायचं. बघू या, तेव्हा आम्ही किती हसतो ते!